सी भाषेत मजकुराचे दशांश संख्येत रूपांतर: रिकामा रकाना आणि शून्य यांत फरक कसा करावा?

पर्जन्यनोंद यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या तालुक्यातल्या काही शाळांच्या आवारात स्वयंचलित पर्जन्यमापक बसवलेले आहेत. त्यांच्या डेटालॉगरमधून रोज एक साधी मजकूर फाइल मिळते. तिच्या प्रत्येक ओळीत केंद्राचा संकेतांक, तारीख, वेळ, मिलिमीटरमधला पाऊस, तापमान आणि बॅटरीचे व्होल्टेज असे रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेले असतात. या फायलींवरून केंद्रनिहाय मासिक बेरीज काढणारा प्रोग्राम मी सी भाषेत लिहीत आहे. या धाग्यात मी अंक आणि फंक्शनांची नावे देवनागरीत लिहिली आहेत; फाइलमधले अंक मात्र साधे आस्की अंकच, म्हणजे इंग्रजी कळफलकावरचे अंक, आहेत.

सध्या मी एफगेट्सने एक ओळ वाचतो, एसटीआर-टॉकने स्वल्पविरामांवर तिचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा मजकुराची संख्या करणाऱ्या ए-टू-एफ या फंक्शनला देतो. नोंदी व्यवस्थित असतात तोवर उत्तर बरोबर येते. पण केबल सैल झाली किंवा बॅटरी उतरली, की लॉगर पावसाच्या रकान्यात कधी तीन आडव्या रेघा लिहितो, कधी 'नॅन' (म्हणजे 'ही संख्या नव्हे') असे लिहितो, तर कधी रकाना रिकामाच सोडतो. आडव्या रेघांसाठी ए-टू-एफ निमूटपणे ०.० परत करते. पावसाच्या नोंदीत हे मुळीच चालण्यासारखे नाही, कारण '०.०' याचा अर्थ यंत्र चालू होते आणि पाऊस पडला नाही असा होतो, तर आडव्या रेघांचा अर्थ पाऊस पडला की नाही हे आपल्याला ठाऊक नाही असा होतो. पेरणीनंतर पावसाचा खंड किती दिवसांचा पडला हे मोजताना या दोन्हींची सरमिसळ झाली, तर काढलेला निष्कर्षच चुकीचा ठरतो. दुसरीकडे, 'नॅन' असलेल्या केंद्राची संपूर्ण महिन्याची बेरीजच 'नॅन' अशी छापली जाते.

एसस्कॅनएफ वापरून त्याने परत केलेली किंमत तपासली तर पुरेसे होईल का, की एसटीआर-टू-डी हाच योग्य मार्ग आहे? त्यात 'संख्या सापडली नाही' हे नेमके कसे ओळखायचे? की एकेक अक्षर पाहून स्वतःच रूपांतर लिहिणे अधिक सुरक्षित ठरेल? हाच कोड पुढे एका छोट्या मायक्रोकंट्रोलरवरही चालवायचा विचार आहे.


मूळाक्षर यांचे उत्तर

आपण शून्य आणि अज्ञात यांत केलेला फरक हाच या विषयाचा गाभा आहे, आणि ए-टू-एफ नेमका तोच फरक पुसून टाकते. या फंक्शनला फक्त एक संख्या परत करता येते. रूपांतर झालेच नाही तर ते शून्य परत करते, आणि मजकुरातली संख्या डबल या अपूर्णांक साठवणाऱ्या प्रकारात मावण्यापलीकडची असेल तर काय घडेल याविषयी सी भाषेचे मानक कोणतीही हमी देत नाही. त्यामुळे बाहेरून आलेल्या मजकुरासाठी ए-टू-एफ वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एसस्कॅनएफ थोडे बरे आहे, कारण संख्या मिळाली की नाही हे ते निदान सांगते. पण '१२.५किग्रा' अशा मजकुरातही ते '१२.५' उचलून 'एक रूपांतर यशस्वी झाले' असेच कळवते. मावणार नाही इतकी मोठी संख्या आली, तर तिथेही वर्तन अनिश्चित आहे. शिवाय डबलचा पत्ता देताना फॉरमॅटमधले 'एल' हे अक्षर राहून गेले, तर फ्लोट या डबलहून लहान प्रकाराच्या मापाने डबलच्या जागेत लिहिले जाते आणि किंमत बिघडते. म्हणून एसटीआर-टू-डी.

हे फंक्शन आपल्याला एक नव्हे तर तीन गोष्टी सांगते आणि तिन्ही पाहिल्याशिवाय निर्णय करता येत नाही. पहिली म्हणजे परत आलेली किंमत. दुसरी म्हणजे एंड-पॉइंटर, अर्थात वाचन मजकुरात नेमके कुठे थांबले तो पत्ता. तिसरी म्हणजे एरनो या व्हेरिएबलमध्ये नोंदवलेली त्रुटी. यशस्वी कॉलनंतर एरनो आपोआप शून्य होत नाही; आधीच्या एखाद्या फंक्शनची त्रुटी त्यात तशीच पडून राहू शकते. म्हणून प्रत्येक कॉलच्या लगेच आधी एरनोमध्ये आपण स्वतः शून्य ठेवले पाहिजे.

कॉल झाल्यावर सर्वांत आधी एंड-पॉइंटर पाहावा. तो सुरुवातीच्या पत्त्याइतकाच असेल, तर एकही अक्षर वापरले गेलेले नाही आणि मजकुरात संख्याच नव्हती. आपल्या तीन आडव्या रेघा आणि रिकामा रकाना इथेच पकडले जातात. तो पुढे सरकलेला असेल, तर तो जिथे आहे तिथून पुढची मोकळी जागा ओलांडून स्ट्रिंगचा शेवट येतो का ते पाहावे. शेवट न येता दुसरे काही सापडले, तर संख्येच्या मागे कचरा आहे. '४..५' हा मजकूर दिल्यास किंमत ४ येते आणि एंड-पॉइंटर दुसऱ्या टिंबावर थांबलेला दिसतो; '१ई' दिल्यास किंमत १ येते आणि पॉइंटर 'ई'वर थांबतो, कारण घातांकाचे अंकच नाहीत. विंडोजवर तयार झालेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी येणारे कॅरेज रिटर्न हे मोकळ्या जागेतच मोजले जाते, त्यामुळे मागची मोकळी जागा ओलांडण्याची ही पायरी गाळू नये.

त्यानंतर एरनो. त्यात ई-रेंज ही मर्यादा ओलांडल्याची खूण आली असेल आणि परत आलेली किंमत धन किंवा ऋण ह्यूज-व्हॅल, म्हणजे अतिमोठ्या संख्येसाठी ठरवलेली किंमत, असेल, तर संख्या डबलच्या मर्यादेबाहेर, म्हणजे साधारण १.८ गुणिले १० चा ३०८ वा घात याच्या पलीकडे गेली. ई-रेंज आले पण किंमत शून्य किंवा शून्याला अगदी चिकटलेली असेल, तर संख्या अतिसूक्ष्म होती. या दुसऱ्या प्रकारात एरनो बदलायचा की नाही हे मानकाने प्रत्येक लायब्ररीवर सोडले आहे, म्हणून त्यावर विसंबू नये. पावसाच्या बाबतीत अतिसूक्ष्म संख्या शून्य मानली तरी हरकत नाही. एखाद्या प्रयोगशाळेच्या मोजमापात कदाचित तसे चालणार नाही.

आता आपल्या 'नॅन'विषयी. १९९९ च्या मानकापासून एसटीआर-टू-डी दशांश संख्यांव्यतिरिक्त आणखी तीन रूपे स्वीकारते: 'नॅन', 'इन्फ' किंवा 'इन्फिनिटी' (अनंत), आणि शून्य-एक्सने सुरू होणाऱ्या षोडशमान (१६ या पायाच्या) संख्या. अक्षरे लहान असोत वा मोठी, फरक पडत नाही. ही सर्व रूपे 'यशस्वी' गणली जातात. एंड-पॉइंटर शेवटपर्यंत जातो आणि एरनो शून्यच राहतो. म्हणून किंमत नॅन किंवा अनंत नाही ना हे पाहणारी इझफायनाइट ही तपासणी वेगळी करावीच लागते. पुढची मर्यादा-तपासणीही जपून लिहावी. 'किंमत किमान मर्यादेपेक्षा कमी असेल किंवा कमाल मर्यादेपेक्षा जास्त असेल तर नाकारा' असे लिहिले, तर नॅन त्यातून बिनदिक्कत पार होतो, कारण नॅनशी केलेली लहान-मोठेपणाची प्रत्येक तुलना खोटी ठरते. तीच अट उलट बाजूने लिहावी: 'किंमत किमान मर्यादेइतकी किंवा अधिक आणि कमाल मर्यादेइतकी किंवा कमी असेल तरच स्वीकारा, एरवी नाकारा.' जीसीसी या कंपायलरमध्ये गणित जलद करणारा फास्ट-मॅथ हा पर्याय चालू असेल, तर कंपायलर नॅन कधी येतच नाही असे गृहीत धरतो आणि इझनॅन, इझफायनाइट यांसारख्या तपासण्या काढून टाकू शकतो. रूपांतराची फाइल त्या पर्यायाशिवाय कंपाइल करावी.

मी स्वतः यापेक्षा कडक मार्ग पसंत करतो. रकान्याच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा छाटून झाली, की एसटीआर-स्पॅन या फंक्शनने त्यात केवळ दहा अंक, अधिक, उणे, टिंब आणि ई एवढीच अक्षरे आहेत का ते पाहायचे. संपूर्ण लांबी या चाळणीतून पार झाली तरच मजकूर एसटीआर-टू-डीकडे जातो. नॅन, इन्फिनिटी आणि षोडशमान संख्या दारातच अडतात. '१-२' असला मजकूर चाळणीतून सुटला, तरी एंड-पॉइंटर त्याला पकडतो. सोबत लांबीचीही एक मर्यादा ठेवावी. पावसाचा आकडा लिहायला ३२ अक्षरे पुष्कळ झाली, आणि हजारो अंकांची रांग रूपांतराला पाठवण्यात काहीच हशील नाही. केंद्राचा संकेतांक '१२ई४' असा असेल आणि एखादा रकाना सरकल्यामुळे तो पावसाच्या जागी आला, तर एसटीआर-टू-डी त्याला १२०००० समजेल. त्यासाठी मर्यादा-तपासणी हवीच. आपल्या लॉगरच्या नोंदीत घातांक कधीच येत नसेल, तर चाळणीतून 'ई'सुद्धा काढून टाका.

मर्यादा ठरवताना मात्र एक पथ्य पाळावे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. 'दिवसाला ५०० च्या वर पाऊस शक्य नाही' असे मानणाऱ्या प्रोग्रामने नेमकी तीच नोंद टाकून दिली असती. मर्यादेबाहेरच्या किंमती गाळू नयेत. त्यांवर खूण करून त्या माणसाच्या नजरेखाली आणाव्यात.

फंक्शनची रचना करताना यश-अपयशाची स्थिती फंक्शनने परत करावी आणि संख्या पॉइंटरमार्फत द्यावी. 'चूक झाली तर उणे एक परत करा' हा प्रघात तापमानाच्या रकान्यात लगेच फसतो. स्थितींची एक इनम यादी, म्हणजे नावे दिलेल्या स्थिरांकांची यादी, करावी: ठीक, रिकामे, संख्या नाही, मागे कचरा, मर्यादेबाहेर. आपल्या मासिक बेरजेसोबत 'किती नोंदी मिळाल्या आणि किती मिळाल्या नाहीत' हेही छापता येईल, आणि माझ्या मते ती संख्या बेरजेइतकीच मोलाची आहे.

अजून एक गोष्ट, आणि ती कदाचित आपल्या फायलींत आजही घडत असेल. एसटीआर-टॉक लागोपाठ आलेले दोन स्वल्पविराम एकच मानते. त्यामुळे पावसाचा रकाना रिकामा असेल, तर तो तुकडा मिळतच नाही आणि पुढचे तापमान पावसाच्या जागी येऊन बसते. २७.४ अंश तापमान २७.४ मिलिमीटर पाऊस म्हणून बेरजेत मिळवले जाते आणि ही किंमत इतकी सामान्य दिसते, की कोणतीही मर्यादा-तपासणी तिला अडवणार नाही. एसटीआर-टॉक सोडा. एसटीआर-सी-स्पॅनने पुढचा स्वल्पविराम कुठे आहे ते शोधा, तिथे स्ट्रिंग-समाप्तीचे शून्य ठेवा आणि शून्य लांबीचा तुकडाही एक रकाना म्हणून मोजा. ओळीत सहा रकाने भरले नाहीत, तर संपूर्ण ओळ संशयित धरा.


राइनकाठ यांचे उत्तर

मूळाक्षर यांच्या उत्तरात एक मोठा विषय राहिला आहे, तो लोकॅलचा, म्हणजे भाषा आणि प्रदेशाप्रमाणे संख्या कशा लिहायच्या हे ठरवणाऱ्या मांडणीचा. मी जर्मनीत मोजमापाच्या उपकरणांवर काम करते आणि इथे हा प्रश्न सतत समोर येतो.

एसटीआर-टू-डी दशांशचिन्ह म्हणून काय स्वीकारते हे प्रोग्रामच्या चालू लोकॅलवर अवलंबून असते. प्रोग्राम सुरू होतो तेव्हा 'सी' हे लोकॅल लागू असते आणि त्यात टिंब चालते. पण कुणी सेट-लोकॅल हे फंक्शन रिकाम्या स्ट्रिंगसह बोलावले, की वापरकर्त्याच्या संगणकाची मांडणी लागू होते. हे काम आपण स्वतःच केले पाहिजे असे नाही; उदाहरणार्थ, खिडक्या-बटणांसाठीची जीटीके ही लायब्ररी सुरू होतानाच ते करते. जर्मन लोकॅलमध्ये दशांशचिन्ह स्वल्पविराम असल्यामुळे '३.१४' या मजकुराची किंमत ३ येते आणि एंड-पॉइंटर टिंबावर थांबतो. एंड-पॉइंटर तपासला जात असेल, तर निदान चूक लक्षात तरी येते. ए-टू-एफ वापरणाऱ्या प्रोग्राममध्ये मात्र प्रत्येक किंमतीचा अपूर्णांक गळून पडतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

याहून वाईट प्रकार स्वल्पविरामांनी विभागलेल्या ओळीत घडतो. काही जण रकाने आधी वेगळे करत नाहीत. ओळीतल्या पॉइंटरवरच एसटीआर-टू-डी बोलावतात, ते स्वल्पविरामावर थांबले की एक घर पुढे जातात आणि पुन्हा बोलावतात. 'सी' लोकॅलमध्ये हे नीट चालते. जर्मन लोकॅलमध्ये '१२,२७' या दोन रकान्यांची एकच संख्या होते, बारा पूर्णांक सत्तावीस शतांश, आणि पाऊस व तापमान एकमेकांत मिसळून जातात. रकाने आधी कापून घ्यायचे हे दुसरे सबळ कारण. तिसरे कारण लोकॅलशी संबंधित नाही, पण त्याच पद्धतीतून उद्भवते: एसटीआर-टू-डी सुरुवातीची सर्व मोकळी जागा ओलांडते आणि त्यात टॅब व नवी ओळ यांचाही समावेश होतो. संपूर्ण फाइल मेमरीत घेऊन असे चालत गेलात आणि ओळीचा शेवटचा रकाना रिकामा असला, तर फंक्शन नव्या ओळीत शिरून तिची पहिली संख्या उचलते. टॅबने विभागलेल्या फाइलमध्ये तर प्रत्येक रिकाम्या रकान्यापाशी हेच होते.

उपायांचे म्हणाल तर साध्या कमांड-लाइन प्रोग्रामने सेट-लोकॅल बोलावूच नये. पडद्यावरच्या मजकुरासाठी वापरकर्त्याची भाषा हवीच असेल, तर सर्व विभागांसाठी सेट-लोकॅल केल्यावर लगेच एलसी-न्यूमेरिक हा संख्यांचा एक विभाग पुन्हा 'सी'वर आणावा. हे प्रोग्रामच्या सुरुवातीलाच करावे. रूपांतरापुरते लोकॅल बदलून पुन्हा पूर्ववत करण्याचा मार्ग मी कुणालाच सुचवणार नाही, कारण सेट-लोकॅल संपूर्ण प्रोसेसला लागू होते आणि दुसरा थ्रेड, म्हणजे त्याच प्रोग्रामचा समांतर चालणारा भाग, त्याच क्षणी संख्या वाचत किंवा लिहीत असू शकतो. थ्रेडपुरते लोकॅल बदलायचे असेल, तर पॉझिक्स या मानकाच्या २००८ च्या आवृत्तीतले यूज-लोकॅल आहे. लिनक्सच्या जीलिबसी या सी लायब्ररीमध्ये, मॅकवर आणि विंडोजवर एसटीआर-टू-डीला लोकॅल वेगळे देता येईल अशी रूपेही मिळतात, मात्र त्यांची नावे सगळीकडे सारखी नाहीत. जीलिब ही (जीलिबसीहून वेगळी) लायब्ररी आधीच वापरात असेल, तर तिचे जी-आस्की-एसटीआर-टू-डी नेहमी टिंबच मानते. प्रकल्पात सी प्लस प्लसची एक फाइल जोडणे शक्य असेल, तर २०१७ च्या मानकातले फ्रॉम-कॅर्स लोकॅलकडे पाहतच नाही, मजकुराच्या दोन्ही टोकांचे पॉइंटर घेते आणि त्यामुळे स्ट्रिंगच्या शेवटी शून्य असण्याचीही गरज उरत नाही. मात्र ते सुरुवातीची मोकळी जागा किंवा अधिक चिन्ह स्वीकारत नाही, आणि जीसीसीमध्ये फ्लोटिंग पॉइंटसाठी ते ११ व्या आवृत्तीपासूनच उपलब्ध आहे.

मराठी-भारत लोकॅलमध्ये दशांशचिन्ह टिंबच असल्यामुळे आपल्या तालुक्यात ही अडचण दिसणार नाही. पण कोड इतरत्र गेला, की ती पहिल्याच दिवशी दिसेल. लिहिण्याच्या बाजूलाही हीच काळजी घ्या: प्रिंटएफसुद्धा लोकॅलप्रमाणेच दशांशचिन्ह छापते, आणि स्वल्पविरामांच्या फाइलमध्ये ते स्वल्पविराम छापू लागले तर रकान्यांची संख्याच बदलते.


पर्जन्यनोंद यांचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. एसटीआर-टॉकची गोष्ट फायलींमध्ये पडताळून पाहिली आणि रकाना सरकलेल्या ओळी खरोखरच सापडल्या. आता रकाने मीच कापतो आणि स्थितींची इनम यादीही केली आहे.

आणखी एक बाब आहे. जिथे लॉगर नाही तिथे शिक्षक साध्या पर्जन्यमापकाची नोंद संगणकावरच्या तक्त्यात भरतात आणि तो तक्ता यूटीएफ-८ (सर्व लिप्यांची अक्षरे बाइटांत मांडण्याची पद्धत) मजकूर म्हणून जतन करून पाठवतात. त्यातल्या काही संख्या डोळ्यांना अगदी बरोबर दिसतात, तरी माझे नवे फंक्शन त्यांना 'संख्या नाही' म्हणते. काही शिक्षक देवनागरी अंकही वापरतात. ते स्वीकारावेत का?


अक्षरजुळणी यांचे उत्तर

डोळ्यांना बरोबर दिसणाऱ्या पण नाकारल्या जाणाऱ्या संख्यांसाठी तो रकाना बाइटबाइटने षोडशमानात छापून पाहा; कारण बहुधा पहिल्याच नजरेत कळेल. फाइलच्या पहिल्याच रकान्यात अडचण असेल, तर सुरुवातीला ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट सापडतील. एक्सेल यूटीएफ-८ म्हणून जतन करताना फाइलच्या आरंभी ही खूण घालते. ती फाइल उघडताना एकदाच ओलांडावी, प्रत्येक रकान्यात शोधू नये. सी२, ए० असे दोन बाइट दिसले, तर ती न तुटणारी मोकळी जागा आहे; एखाद्या पानावरून किंवा दस्तऐवजातून मजकूर उचलून चिकटवला की ती सोबत येते आणि एसटीआर-टू-डी तिला मोकळी जागा मानत नाही. ई२, ८८, ९२ हे बाइट म्हणजे छपाईतले गणिती उणे चिन्ह. ते कळफलकावरच्या साध्या आडव्या रेघेपेक्षा निराळे आहे, आणि तापमानाच्या रकान्यात ते येऊ शकते.

देवनागरी अंक एसटीआर-टू-डी स्वीकारत नाही, लोकॅल मराठी असले तरीही. पण शिक्षकांनी त्यांच्या लिपीत अंक लिहिले म्हणून त्यांची नोंद नाकारणे मला योग्य वाटत नाही, विशेषतः हे काम इतके सोपे असताना. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी अंक तीन बाइटांचा असतो: पहिला ई०, दुसरा ए५ आणि तिसरा शून्यासाठी ए६ पासून नवासाठी एएफपर्यंत. तिसऱ्या बाइटातून ए६ वजा केले, की ० ते ९ ही किंमत मिळते. तिच्यात आस्कीचे शून्य मिळवून एक बाइट नव्या बफरमध्ये लिहावा. बाकीचे बाइट जसेच्या तसे नकलावेत आणि मग तो बफर मूळाक्षर यांनी सांगितलेल्या चाळणीतून पाठवावा. नवा बफर मूळ मजकुरापेक्षा कधीच मोठा होत नाही. एकाच संख्येत दोन्ही प्रकारचे अंक मिसळलेले आढळले, तर मात्र मी खूण करीन, कारण ते बहुधा टंकनाच्या चुकीचे लक्षण असते.

या बाइटांशी खेळताना एक जुना सापळा लक्षात असू द्या. इझस्पेस, इझडिजिट या फंक्शनांना चिन्हित कॅर, म्हणजे ऋण किंमतही घेऊ शकणारा एका बाइटचा प्रकार, थेट देऊ नये. बहुतेक डेस्कटॉप संगणकांवर कॅर हा प्रकार चिन्हित असतो आणि देवनागरीचे सर्व बाइट त्यात ऋण ठरतात. ऋण किंमत दिल्यास मानकाप्रमाणे वर्तन अनिश्चित आहे. आधी अनसाइन्ड (अचिन्हित) कॅरमध्ये रूपांतर करून मगच द्यावे.

हंगामाची एकूण बेरीज कुणी '३,२१५.४' अशी गटविरामासह लिहिली, तर एसटीआर-टू-डी ३ वर थांबते. स्वल्पविराम सरसकट काढून टाकण्याचा मोह होतो, पण '१,२५०' म्हणजे साडेबाराशे की सव्वा, हे राइनकाठ यांच्या देशात आणि आपल्याकडे वेगवेगळे ठरेल. ज्या रकान्यात गटविराम येऊ शकतात असे आपण आधी लिहून ठरवले आहे तेवढ्यापुरतेच ते काढावेत. इतरत्र ती नोंद संशयितच राहू द्यावी.


मूळाक्षर यांचे उत्तर

स्वतःच रूपांतर लिहावे का, या मूळ प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले होते. वाक्यरचना तपासण्याचा भाग, म्हणजे कोणती अक्षरे चालतील हे ठरवणे, आपण अवश्य लिहावा. अंकांवरून डबल घडवण्याचा भाग मात्र लायब्ररीवरच सोडावा.

कारण असे. 'जुनी किंमत दहापट करा आणि नवा अंक मिळवा' ही रीत पूर्णांक २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच अचूक राहते, आणि १० चे घातही डबलमध्ये २२ व्या घातापर्यंतच तंतोतंत मावतात. त्यापलीकडे प्रत्येक गुणाकारात थोडी थोडी चूक साठत जाते. दिलेल्या दशांश मजकुराला सर्वांत जवळचे डबल हमखास शोधणे अवघड आहे; त्याच्या सिद्ध पद्धती विल्यम क्लिंजर आणि डेव्हिड गे यांनी १९९० मध्ये मांडल्या. तरीही चुका होतात. २०११ च्या आरंभी पीएचपीमध्ये २.२२५०७३८५८५०७२०११ई-३०८ हा मजकूर दिल्यास काही संगणकांवर रूपांतर कधी संपतच नसे, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच जावातही शेवटचा अंक २ असलेल्या त्याच संख्येवर तशीच त्रुटी उघड झाली. एका साध्या विनंतीने सर्व्हर अडकवून ठेवता येईल इतका तो प्रकार गंभीर होता. या दोन संख्या आपल्या चाचणीच्या यादीत जरूर घाला.

मायक्रोकंट्रोलरवर गोष्ट वेगळी आहे. तिथे सर्रास वापरल्या जाणाऱ्या न्यूलिब या लायब्ररीचे एसटीआर-टू-डी रूपांतरासाठी हीपमधून, म्हणजे प्रोग्राम चालू असताना मागून घ्यायच्या साठ्यातून, मेमरी मागते, आणि काही किलोबाइट रॅम असलेल्या चिपवर ते परवडत नाही. पण तिथे फ्लोटिंग पॉइंटची, म्हणजे डबल-फ्लोट अशा प्रकारांची, गरज आहे का, हे आधी तपासा. झोक्याच्या, म्हणजे पाणी भरले की कलंडणाऱ्या, पर्जन्यमापकात एका झोक्याला ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर असे ठरलेले माप असते. मूळ मोजणी झोक्यांच्या पूर्णांकातच होते. झोक्यांची संख्या किंवा मिलिमीटरचे दशांश लाँग पूर्णांकात साठवले, तर बेरीज तंतोतंत येते. ०.२ हे डबलमध्ये नेमके मावत नाही, त्यामुळे हजारो नोंदींच्या बेरजेत शेवटच्या अंकांत फरक दिसू लागतो. टिंबाच्या आधीचे अंक आणि नंतरचा एक अंक वाचून पूर्णांक घडवणारे फंक्शन छोटे असते, त्याची प्रत्येक शक्यता तपासता येते, आणि लोकॅलचा प्रश्नही तिथे उद्भवत नाही.

डेस्कटॉपवर डबल ठेवणार असाल, तर पुन्हा वाचता येईल अशा रीतीने लिहिताना १७ सार्थ अंक छापा. फ्लोटसाठी ९ पुरतात. फ्लोटच हवा असेल, तर एसटीआर-टू-एफ वापरा, कारण एसटीआर-टू-डीचे उत्तर फ्लोटमध्ये बदलताना संख्या दोनदा जवळच्या किंमतीवर आणली जाते आणि क्वचित शेजारची किंमत मिळते. किंमत पुढे इंटमध्ये बदलायची असेल, तर ती इंटच्या मर्यादेत आहे हे आधी पाहावे. मर्यादेबाहेरच्या डबलचे इंटमध्ये रूपांतर हेही अनिश्चित वर्तनच आहे.

चाचणीसाठी रिकामी स्ट्रिंग, फक्त मोकळी जागा, एकटे टिंब, एकटे उणे चिन्ह, '.५', '५.', '-०', '१ई४००', '१ई-४००', 'नॅन', '०एक्स१ए', '१२.५ मिमी', दहा हजार नऊंची रांग आणि आपल्या लॉगरच्या तीन आडव्या रेघा एवढे मजकूर एका टेबलमध्ये ठेवा. प्रत्येकासमोर अपेक्षित स्थिती लिहा आणि हे टेबल एकदा 'सी' लोकॅलमध्ये व एकदा जर्मन लोकॅलमध्ये चालवा. '-०' चे काय करायचे हे आधीच ठरवून ठेवा: एसटीआर-टू-डी त्याचे ऋण शून्य करते, ते तुलनेत शून्याइतकेच असते, पण अहवालात '-०.०' असे छापले जाते.